ढिगाची दाराकडची बाजू

४ जानेवारी

काकू,

नमस्कार. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनावर घेत नाहीस, म्हणून पत्रच लिहायला बसले. बातमी मोठी आहे. तुमच्या शहराचं काम आमच्या नियोजन कार्यालयाकडे आलं आणि फिरत फिरत माझ्या टेबलावर येऊन पडलं. शहरातून फेकून द्यायचं असं काही उरूच नये, जे निघेल ते पुन्हा कुठेतरी कामी यावं, असा आराखडा करायचा आहे. ‘शून्य कचरा’ हे त्याचं नाव. मुखपृष्ठावर मोठं शून्य आणि त्याखाली ते कोणत्या वर्षी गाठायचं ते वर्ष. मुखपृष्ठ तयार आहे, मी ते भिंतीवर लावलंसुद्धा. आराखडा व्हायचा आहे. बाबा म्हणाले, हिचं घर बांधायच्या आधी दाराला पाटी.

तुझ्या दृष्टीने महत्त्वाचं असं की डेपोवरचा तो कचऱ्याचा डोंगर जाणार. झाकायचा नाही, दुसरीकडे न्यायचा नाही. खणायचा, चाळायचा आणि संपवायचा. तुझ्या क्वार्टरच्या खिडकीतून इतकी वर्षं दुसरं काही दिसलेलं नाही. लहानपणी सुट्टीत तुझ्याकडे आले की मी नाकाला रुमाल बांधून झोपायचे आणि काका हसायचा. म्हणायचा, “टिटवे, हा वास नाही, ही माझी नोकरी आहे.” त्याच डोंगरावर डोझर चालवता चालवता त्याला अपघात झाला, दवाखान्यात तो वारला आणि त्याच्या जागी तुला डेपोच्या वजनकाट्यावर बसवलं. मी तेव्हा आठ वर्षांची होते. मला एवढंच सांगितलं होतं आणि मी एवढंच धरून ठेवलंय.

म्हणून मी एक केलंय. खोदाई कुठून सुरू करायची ते मला ठरवायचं होतं. नकाशावर मी क्वार्टरकडची, पूर्वी ढीग ढासळला होता ती बाजू पहिली धरली. तिथला ढीग ढिला आहे, तेव्हा कागदावर कारण चोख आहे. खरं कारण तू. तू निवृत्त व्हायच्या आधी तुझ्या खिडकीतून आकाश दिसलं पाहिजे.

आणखी एक. आमची सर्वेक्षणाची माणसं गेल्या महिन्यात तुमच्या वसाहतीत घरोघरी फिरून कोणाकडून किती कचरा निघतो ते बघत होती. एका घरापुढे त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं. मी चिडले, म्हटलं कुलूप असेल तर परत जा. ते म्हणाले, कुलूप नव्हतं, बाईंनी चहा दिला, पण घरात कचराच नाही. आणि शेजारी म्हणतात कधीच नसतो. पत्ता बघितला तर तुझा. काकू, हे काय प्रकरण आहे?

तुझी,
टिटवी

१६ जानेवारी

टिटवे,

आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. एकदा मजकुरासाठी आणि एकदा अक्षरासाठी, ते अजून कुत्र्यामांजराच्या पायांसारखंच येतं.

प्रकरण वगैरे काही नाही. एकटीचा संसार, निघून निघणार किती. सालं, देठं मागच्या कुंड्यांत जिरतात. कागद रद्दीवाला नेतो, डबे-बाटल्या भंगारवाला. पातळ पिशवी मी घरात येऊच देत नाही. कपडा विरला की त्याचं फडकं होतं, फडकं विरलं की ते कुंडीच्या तळाशी जातं. फुटक्या कपबशीला तेवढा कोणी वाली नाही. ती ना रद्दीवाल्याला हवी, ना मातीला. ते तुकडे पत्र्याच्या डब्यात ठेवते. डबा अजून भरला नाही, कारण हात अजून थरथरत नाही.

तुझं काम चांगलं आहे, मन लावून कर. पण सुरुवात आमच्या बाजूने नको. लोक म्हणतील, काकूचं दार म्हणून नंबर आधी लावला. तू त्या कचेरीत नवीन आहेस, उगाच कोणाला बोलायला जागा कशाला द्यायची. आमची बाजू शेवटी ठेव. अगदी शेवटी. राहून गेली तरी आमची तक्रार नाही.

आणि एक विचारायचं होतं. खणून चाळतात म्हणजे नेमकं काय करतात? त्यातून जे निघतं ते जातं कुठे?

प्रकृतीला जप. बाबांना सांग गुडघ्याला तेल लावत जा.

काकू

२९ जानेवारी

काकू,

तुझं पत्र मी आमच्या मुख्य बाईंना वाचून दाखवलं. सगळ्या गावाला आपापल्या दारातला कचरा आधी उचलून हवा असतो आणि ही बाई आपला नंबर शेवटी लावा म्हणते, हे ऐकून त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, अशी चार माणसं मिळाली तर आराखड्याची गरजच नाही. मला तुझा फार अभिमान वाटला. पण बाईंचंही म्हणणं पडलं की ढासळलेला भाग आधी काढणं शास्त्राला धरून आहे, त्यात नात्याचा काही संबंध नाही. तेव्हा तुझी बाजू पहिलीच राहिली आणि आता कोणी बोट दाखवू शकणार नाही. मनावर ओझं ठेवू नकोस.

चाळतात कसं ते सांगते. मोठी फिरती चाळण असते. घरातल्या पिठाच्या चाळणीसारखीच, फक्त आत माणूस उभा राहील एवढी. खणलेलं सगळं तिच्यात ओततात. बारीक माती खाली पडते, ती नव्या रस्त्याच्या भरावात जाते. चिंध्या, प्लास्टिक, चामडं, रबर असलं जळणारं सिमेंटच्या भट्टीला. दगडविटा खड्डे बुजवायला, लोखंड भंगारात. खाटीकखान्याची हाडंबिडं निघतात, ती मातीबरोबरच जातात. काही म्हणता काही वाया जात नाही. मला या कामातलं हेच सगळ्यात आवडतं.

आता माझं एक मागणं. तुझं घर आम्हाला आराखड्यात दाखवायचं आहे. पहिल्याच पानावर तुझा फोटो, कुंड्यांजवळ उभी. खाली दोन ओळी, की ज्या डेपोवर शहराचा कचरा येतो त्याच्याच दारात एक घर असं आहे जिथून इतक्या वर्षांत काही गेलं नाही. नगरभवनात छोटा समारंभ होईल. तू फक्त खुर्चीत बसायचं, भाषण मी करते. फुटक्या कपबशीचं काय करायचं, याला मात्र आमच्या अख्ख्या कचेरीत उत्तर नाही. एक जण म्हणाला, फोडायच्याच नाहीत.

तुझी,
टिटवी

९ फेब्रुवारी

टिटवे,

फोटो नको. समारंभ नको. मी कधी खुर्चीत बसले आहे का स्टेजवरच्या? मी काट्यावरच्या स्टुलावर बसणारी. माझं नाव, घर, कुंड्या काही घालू नकोस. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

ढिगाचं मी इथे दोघाचौघांशी बोलले. खणलं की धूळ उडणार, वसाहतीत लहान पोरं आहेत, एकदोघांना दम्याचा त्रास आहे. ढिगाच्या पोटात आग असते, वारा लागला की भडकते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या बाजूच्या उतारावर आता गवत आलंय, पक्षी बसतात. त्यांचं काय करणार? आमचे जुने मुकादम निवृत्त होऊन मागच्या गल्लीत राहतात, तेही म्हणाले की ती बाजू हलवू नये.

मी ऐकलं की काही ठिकाणी ढीग खणत नाहीत, वर माती टाकतात आणि हिरवळ लावतात. दिसायलाही बरं दिसतं. तसं आमच्या बाजूला नाही का करता येणार? बाकीचं सगळं खणा, माझं काही म्हणणं नाही.

काकू

२१ फेब्रुवारी

काकू,

तुझं पत्र वाचून मी जरा हिरमुसले, खरं सांगते. धुळीसाठी पाण्याचे फवारे आहेत. आगीसाठी ढिगाचं तापमान आधीच तपासतात. पक्षी दुसरीकडे बसतील, पक्ष्यांना जागा शोधायला कोणी शिकवावं लागत नाही. तुमच्या मुकादमांना का हलवायचं नाही, हे त्यांनी सांगितलं का? झाकून हिरवळ लावली की खालचं घाण पाणी झिरपतच राहतं आणि मग ते शून्य नाही, नुसतं पांघरूण आहे. माझ्या आराखड्यात एक कोपरा झाकून ठेवला तर उद्या प्रत्येक जण आपापला कोपरा झाकायला घेऊन येईल.

मला वाटलं होतं तू सगळ्यात आधी खूश होशील. हा डोंगर तुझ्या घरातलं एक माणूस घेऊन गेला. तो जावा असं तुला वाटत नाही? की माणसाला इतक्या वर्षांनी त्याचीही सवय होते? तुला नेमकं काय नको आहे, ते एकदा सरळ लिही. आडून आडून नको.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्राची चाचणी आहे. तुमच्याच बाजूला. मी स्वतः येणार आहे.

टिटवी

२ मार्च

टिटवे,

सरळ लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. कागद बरेच फाडले. फाडलेले रद्दीत आहेत.

तुझा काका दवाखान्यात वारला नाही. तो त्या ढिगात आहे.

पाऊस लागून राहिला होता. ढीग पाणी पिऊन फुगला होता, तरी ट्रक थांबवता येत नव्हते, म्हणून डोझर चालूच होता. डोझरच्या साखळीत तार अडकली. ती काढायला तो खाली उतरला आणि वरची बाजू खाली आली. डोझर दोरखंड लावून ओढून काढला. तो सापडला नाही. मुकादम आणि त्याच्याबरोबरची माणसं फावडी घेऊन खणत राहिली. मी पायथ्याशी उभी होते. मग वरून हुकूम आला की शोध थांबवा. ढीग अजून सरकतो आहे, आणखी माणसं जातील. तेही खरंच होतं. आणि बाहेर साऱ्या शहराच्या कचऱ्याचे ट्रक मोठ्या रस्त्यापर्यंत उभे होते. गल्लीगल्लीत कचरा कुजायला लागला होता, लोक फाटकाशी येऊन ओरडत होते. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. पलीकडच्या बाजूने ट्रक रिकामे करायला सुरुवात झाली. पुढच्या वर्षी आमच्याही बाजूने.

तुझे बाबा म्हणाले, पोरीला सांगायला नको, सुट्टीत इथे येते, खिडकीतून तेच बघत बसेल. मलाही ते पटलं. मग सांगायचं राहून गेलं ते गेलंच. खरं सांगू का, मला ते बरंही वाटायचं. तू आलीस की या घरात एक तरी माणूस त्या ढिगाकडे नुसता ढीग म्हणून बघायचं.

मला त्याच्या जागी काट्यावर घेतलं. ट्रक काट्यावर चढायचा, मी वजन लिहायचे आणि हाताने खूण करायचे, जा. तो जायचा आणि वर जाऊन रिकामा व्हायचा. पोटासाठी हे मी रोज केलं. पण घरी आलं की वाटायचं, निदान माझ्या हातचं काही त्याच्यावर पडता कामा नये. शहर टाकतं, शहराला माहीत नाही. मला माहीत आहे. मी नवऱ्याच्या अंगावर कांद्याची सालं कशी टाकू? म्हणून या घरात कचरा नसतो. तू त्याचा फोटो काढणार होतीस.

तू लिहिलंस की माती रस्त्याखाली जाते, रबर, चामडं भट्टीत आणि हाडं मातीबरोबर. ते वाचल्यापासून मी पीठ चाळलेलं नाही. चाळण हातात धरवत नाही.

त्या दिवशी तो ठिगळाचे बूट घालून गेला होता. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, उजव्याला मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता. कामावरून नवे मिळाले होते, पण चावतात म्हणून घालत नव्हता. त्यावरून सकाळी आमची वादावादी झाली. आमचं शेवटचं बोलणं ते. बुटाचं.

मी तुला अडवत नाही. अडवायचा मला काय हक्क. पण तू स्वतः येऊन ती चाळण सुरू करणार आणि तुला माहीतच नसणार, हे मला सोसवेना. म्हणून लिहिलं.

काकू

२३ मार्च

काकू,

तुझ्या पत्राला उत्तर कसं लिहायचं, ते मला अजून कळलेलं नाही. तरी लिहिते.

पत्र आलं त्या संध्याकाळी मी ते बाबांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि वाचलंच नाही. म्हणाले, त्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. मग ते रडले. बाबांना रडताना मी याआधी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्यावर रागावणार होते, ते राहूनच गेलं.

माझ्या आधीच्या पत्रांतली वाक्यं मला पाठ झाली आहेत. माणूस उभा राहील एवढी चाळण. काही वाया जात नाही. सवय होते का. काकू, ते मी तुला लिहिलं. मी कौतुकाने लिहिलं आणि तू ते एकटीने वाचत बसलीस. मला माफ कर असं म्हणायलाही लाज वाटते, पण म्हणते.

चाचणी मी थांबवली. नुसतं थांबवून भागणार नव्हतं, कारण विचारलं जाणारच होतं, म्हणून बैठकीत उभी राहून सगळं सांगितलं. माझा काका, हेही सांगितलं. बाईंनी विचारलं, हे जुन्या फायलीत का नाही? फायलीत एवढंच आहे की एक कर्मचारी मृत. पुढे कोणी बघितलंच नाही, मीही नाही. एक वयस्क अभियंता आहेत, माणूस वाईट नाही. ते म्हणाले, इतक्या वर्षांत तिथे काही उरलं नसेल. मी म्हटलं, “मग हे माझ्या काकूला तुम्ही येऊन सांगा.”

आता दोन वाटा आहेत. पहिली, ती बाजू तशीच ठेवायची. माती टाकायची, झाडं लावायची, कोणी हात लावायचा नाही, असं आराखड्यात लिहून टाकायचं. बाई तयार आहेत. शून्य शून्य राहणार नाही, ते मी बघून घेईन. दुसरी, ती बाजू यंत्राविना, हाताने, हळूहळू उकरायची आणि त्याला शोधायचं. त्यात सापडेलच असं कोणी सांगू शकत नाही. पोलीस येतील, पंचनामा होईल, वेळ किती जाईल सांगता येत नाही. आराखड्याची मुदत तर नक्कीच चुकेल.

हे मी ठरवणार नाही. मागच्या वेळी मी ठरवलं होतं, तुझ्या भल्यासाठी. तू सांगशील तसं.

तुझी,
टिटवी

११ एप्रिल

टिटवे,

माफी वगैरे पुरे. तुला माहीत नव्हतं आणि ते आम्हीच माहीत होऊ दिलं नाही. बाबांना म्हणावं, त्यांनी योग्य तेच केलं होतं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पहिल्या वाटेवर खूश झाले. झाडं लावतील, कोणी हात लावणार नाही. हेच तर मी मागत होते. दोन दिवस मनात तेच. मग एकदा काट्यावर ट्रक आला, मी नेहमीसारखी खूण केली, जा, आणि तो वर जाताना मी बघत राहिले. मला वाटलं, मी त्याला इथे ठेवा म्हणते, पण तो इथे राहायला आला होता का? तो कामाला आला होता. संध्याकाळी घरी यायचं होतं.

त्याला काढा. हाताने काढा. नाही सापडला तर नाही, निदान कोणी शोधायचं थांबवलं असं होणार नाही.

पण एक अट आहे. आधी वरून पडायचं थांबव. खाली माणसं त्याला शोधताहेत आणि पलीकडून ट्रक रिकामे होताहेत, हे मी पुन्हा बघणार नाही. शहराला म्हणावं, आधी टाकणं बंद करा. मग फावडं लावू.

मुकादमांना मी सांगितलं. त्यांनी पायांत चपला घातल्या. मग म्हणाले, “वहिनी, तेव्हा वर या म्हणाले म्हणून आलो. आता जातो.” गुडघे गेलेत त्यांचे, जिना चढताना कठडा धरतात. तरी त्यांनी जुन्या लोकांना निरोप धाडलेत. निम्मे निवृत्त, एक मुलाकडे दुसऱ्या गावी. सगळे येतो म्हणाले.

काकू

३० जून

काकू,

आराखडा मंजूर झाला. सोपं गेलं नाही, पण झाला.

मी त्याचा क्रम उलटा केला. आधी माझ्या आराखड्यात डोंगर पहिला होता आणि घराघरातून वेगळा होऊन येणारा कचरा दुसरा. डोंगर गेलेला दिसतो, त्याचा फोटो येतो, म्हणून. आता घरं पहिली. प्रभागाप्रभागात खत करायची जागा, सुक्या कचऱ्याची केंद्रं, बाजार आणि खाणावळींचा कचरा तिथल्या तिथे जिरवायचा. जसजसे प्रभाग तयार होतील तसतसे डेपोचे ट्रक कमी होणार आणि शेवटचा बंद झाला की मगच खोदाई. तुमच्या बाजूला यंत्र जाणार नाही, हे वेगळ्या परिच्छेदात लिहिलंय. मंजुरीच्या सभेत एका सभासदांनी विचारलं की शून्य नेमकं कोणत्या वर्षी? मी म्हटलं, सांगता येत नाही. ते म्हणाले, मग मुखपृष्ठावर वर्ष कशाला छापलंय? मी तिथेच पेनने ते खोडलं. भिंतीवरचंही काढून टाकलं.

तुझं नाव, घर, कुंड्या आराखड्यात कुठे नाहीत. फुटक्या कपबश्या मात्र आहेत. त्या चुरून फुटपाथच्या फरशीत घालता येतात, असं एकाने शोधून काढलं. तोच, जो म्हणाला होता फोडायच्याच नाहीत. तरी काही ना काही उरणारच, बाई म्हणतात. शून्य हे गाठायला नसतं, त्याच्याकडे बघत चालायला असतं.

आता ते ट्रक बंद व्हायला वेळ लागेल. धीर धर असं तुला मी काय सांगणार.

तुझी,
टिटवी

दोन वर्षांनंतर
१९ फेब्रुवारी

टिटवे,

तू आणि बाबा परत पोचल्याचा फोन आला. शेजारणीने ऐकून मला सांगितला. तू जाताना विचारलंस की तू यायच्या आधी काय झालं. तेव्हा बोलवेना, आता लिहिते.

ट्रक बंद झाल्यापासून डेपो इतका शांत होता की मला सुरुवातीला झोप येईना. मी निवृत्त झाले होते (क्वार्टर तेवढं खोदाईपुरतं राहू दिलंय), तरी सकाळी उठून काट्याच्या खोलीशी जाऊन बसायचे. मुकादम आणि त्यांची माणसं दोरी आखून एकेक पट्टा उकरायची. थोडं खणायचं, हाताने बघायचं, घमेल्यात घालायचं. त्यांच्याबरोबर तुमच्या कचेरीने दिलेली तरुण माणसंही होती, पण पुढे फावडं म्हाताऱ्यांचंच. दिवाळी गेली, थंडी पडली.

त्या दिवशी दुपारी सगळे एकदम थांबले. कोणी आवाज दिला नाही. मुकादम टोपी हातात घेऊन माझ्याकडे चालत आले. म्हणाले, “वहिनी, एक बूट दाखवायचा आहे.”

मी गेले. बाकीचं त्यांनी झाकून ठेवलं होतं. बूट तेवढा फडक्यावर ठेवला होता, उजवा. रबर काळं पडलं होतं, चिरलं होतं. घोट्यापाशी ट्यूबचा तुकडा होता. सुटला नव्हता, टिटवे. मी बोट फिरवून बघितलं, कडेने कुठेही सुटला नव्हता. मी म्हटलं, “हो. हे माझंच काम आहे.” मग मी खाली बसले आणि रडले. ती सगळी म्हातारी माणसं माझ्याभोवती उभी राहून रडली. पोलीस, पंचनामा, दवाखान्यातली तपासणी, ते सगळं नंतर झालं. मला तपासणीची गरज नव्हती, पण कायद्याला होती.

पुढचं तू होतीसच. आपण त्याला पोचवून आलो. तू त्याला खांदा दिलास, ते त्याला आवडलं असतं. म्हणाला असता, टिटवी केवढी झाली.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पीठ चाळलं.

आता कालचं. सकाळी घंटागाडी आली. ती माझ्या दारासमोर थांबत नाही, वेग कमीसुद्धा करत नाही, चालवणाऱ्या बाईला माहीत आहे की या घराचं काही नसतं. मी पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आले आणि हात केला. डब्यात इतक्या वर्षांचे तुकडे होते. अगदी तळाला त्याच्या कपाचे, शोध थांबवला त्या संध्याकाळी हातून पडलेल्या. त्या कपाचा कान मी काढून घेतला, तेवढा तुझ्या शून्यातून वगळ. बाकीचा डबा फरशीवाल्या कप्प्यात ओतला. मोठा आवाज झाला.

गाडीवाली बघतच राहिली. म्हणाली, “काकू, तुम्ही आणि कचरा?”

मी म्हटलं, “हो. आता टाकायला हरकत नाही.”

काकू